लहानपणी सर्व लसी झालेल्या असताना रुबेलाचा रिपोर्ट निगेटिव्ह का येतो?

आपण लिहिले आहे की आपला जन्म १९९८ सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या एका गावचा. लहानपणीच्या सर्व लसी सरकारी दवाखान्यात वेळच्या वेळी झाल्याचे आई खात्रीने सांगते. आणि आता बाळाचा विचार करताना केलेल्या रक्ततपासणीत रुबेलाचे आयजीजी (म्हणजे त्या आजाराच्या विषाणूशी लढणारी रक्तातली प्रतिपिंडे) निगेटिव्ह, तर गोवराचे काठावर आले आहे. लस घेतली होती तर प्रतिकारशक्ती गेली कुठे, असे आपण विचारता. मी एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात याच तपासण्या करते. आईचे म्हणणे आणि हा रिपोर्ट, दोन्ही खरे असू शकतात, कारण आपल्या लहानपणी सरकारी दवाखान्यात रुबेलाची लस मिळतच नव्हती.

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५ पासून नवव्या महिन्यात जी लस टोचली जात असे, ती केवळ गोवराची होती आणि तिचा डोसही एकच होता. दुसरा डोस २०१० पासून टप्प्याटप्प्याने आला. रुबेलाची लस आपल्याकडे पोहोचली ती गोवर-रुबेला मोहिमेतून, जी महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. ज्या मोहिमेत शाळाशाळांतून लस देऊन मुलांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण केली जात होती, तीच ही. ती ९ महिने ते १५ वर्षांखालील मुलांसाठी होती आणि आपण तेव्हा २० वर्षांच्या होता. माझे स्वतःचे कार्ड आईने अजून जपून ठेवले आहे. घड्यांवर फाटलेल्या त्या पुठ्ठ्यावर बीसीजी, त्रिगुणी, पोलिओ अशा ओळी आहेत, आणि ‘गोवर’ या शब्दापुढे निळ्या बॉलपेनने लिहिलेली एकच तारीख. आपले कार्ड सापडले तर त्यावरही बहुधा असेच दिसेल. ज्यांना खासगी बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) मिळाली, किंवा ज्यांना लहानपणी नकळत रुबेला होऊन गेला, त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो.

गोवराची गोष्ट थोडी निराळी आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे नवव्या महिन्यात काही बाळांच्या रक्तात शिल्लक असतात आणि ती लसीतल्या विषाणूला वाढू देत नाहीत. म्हणून या वयात दिलेल्या एका डोसाने सुमारे ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळते. एवढ्या लवकर लस देण्याचे कारण असे की गोवर वाट पाहत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात जी साथ आली, तिने लहान बालकांचाच बळी घेतला. दुसरा डोस मुख्यतः पहिल्या डोसात सुटलेल्यांसाठी असतो आणि दोन डोसांनंतर संरक्षण सुमारे ९७ टक्क्यांवर जाते.

आता ‘काठावर’ या शब्दाविषयी. आमच्या तपासणीत छोट्या खाचांच्या प्लेटमध्ये रंग उमटतो, आणि पिवळा जितका गडद तितकी प्रतिपिंडे जास्त. प्रत्यक्ष गोवर होऊन गेलेल्यांचा रंग गडद येतो. लसीमुळे आलेली प्रतिपिंडे मुळातच कमी असतात आणि वर्षांगणिक आणखी उतरतात, त्यामुळे लसवंत तरुणांचा रंग फिका दिसतो. पण शरीराची स्मृती पेशींमध्येही असते, आणि ती या प्लेटमध्ये दिसत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या सूचनांत गोवराच्या दोन डोसांची लेखी नोंद असल्यास ती निगेटिव्ह रिपोर्टपेक्षाही ग्राह्य धरली जाते. आपल्याकडे मात्र दोन डोसांची नोंद नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा तपासणी करण्यात पैसे घालवू नयेत, असे मला मनापासून वाटते.

रुबेलाबाबत तर चालढकल करूच नका. प्रौढ स्त्रीला तो झाला तरी कानामागे गाठी, दोन-तीन दिवस फिकट पुरळ, एवढ्यावर भागते आणि तिच्या लक्षातही येत नाही. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तोच विषाणू बाळाचे डोळे, हृदय आणि कान निकामी करू शकतो. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांकडे विचारपूस केली, तेव्हा हा संबंध उघड झाला. अशा बाळाच्या रक्ताचा नमुना आमच्याकडे येतो, तेव्हा आईला गरोदरपणाआधी एक लस मिळाली असती तर, हा विचार मला दिवसभर सोडत नाही.

तेव्हा आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून एमएमआर किंवा एमआर (गोवर-रुबेला) लस घ्या. गोवराचाही प्रश्न सुटावा म्हणून २८ दिवसांच्या अंतराने दुसरा डोस घेणे चांगले. ही जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंची लस असल्याने गरोदरपणात ती देत नाहीत, आणि शेवटच्या डोसानंतर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. चुकून त्याच काळात दिवस राहिले तरी केवळ तेवढ्यावरून गर्भपात करण्याचे कारण नसते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगून ठेवा. प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे सुरू असतील तर तसे आधीच सांगा. लसीनंतर एक ते तीन आठवड्यांत सांधे दुखू शकतात, तरुण स्त्रियांना विशेषतः. ते आपोआप थांबते. आणि लसीचे नाव, तारीख, लॉट क्रमांक कार्डावर लिहून त्याखाली सही-शिक्का घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारल्यास रक्त काढण्याची वेळ येणार नाही.