मुंबईत स्वस्तातली खोली घेताना

पहिल्यांदाच चाललायस, तर नुसते फोटो बघून पैसे भरू नकोस. सीएसएमटी, फोर्टकडे जुन्या इमारतींत लॉज आहेत. खोली आधी डोळ्यांनी बघ. काही खोल्या प्लायवूडचं पार्टिशन घालून केलेल्या, बिनखिडकीच्या असतात. माझी एक रात्र तशीच गेली: शेजारच्याचा खोकला, उशीला कुबट वास, अंगभर ढेकूण. तेव्हापासून मी आधी चादर उचलून गादीच्या शिवणी बघतो, ढेकणांचे काळे ठिपके तिथेच सापडतात. चेकआउट दुपारी बाराचं की चोवीस तासांचं, हे आधीच विचार. पहाटेच्या गाडीने उतरलास तर बाराच्या हिशेबात एका दिवसाचं भाडं जादा जातं. आधार कार्ड जवळ ठेव. आणि आई बरोबर असेल तर लिफ्टचं फोनवरच विचारून घे, जिने फार उभे असतात.