एकाच कल्चरच्या (वाढवलेल्या जिवाणूंच्या) ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे जिवाणू रंगवून दोन गटांत विभागण्याच्या पद्धतीत, जांभळे आणि गुलाबी दोन्ही जिवाणू दिसतात. मग ते ग्राम पॉझिटिव्ह (जांभळे) की निगेटिव्ह (गुलाबी)?

प्रॅक्टिकलला हा प्रश्न दरवर्षी येतो. बहुतेक वेळा घोळ अल्कोहोलच्या पायरीत असतो, म्हणून आधी तिथेच बघा.

क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि त्याला धरून ठेवणारं आयोडीन पडेपर्यंत सगळेच जिवाणू जांभळे असतात. अल्कोहोल टाकलं की वाटा फुटतात. पेशीभोवतीची पेप्टिडोग्लायकनची (साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची) भिंत जाड असेल, म्हणजे ग्राम पॉझिटिव्हमध्ये, तिच्यातलं पाणी निघून ती आवळते आणि आयोडीनशी जोडलेला रंग आत अडकतो. ग्राम निगेटिव्हची ही भिंत पातळ असते, शिवाय तिच्यावरचं मेदाचं आवरण अल्कोहोलने फाटतं आणि रंग वाहून जातो. ते रंगहीन झालेले जिवाणू पुन्हा दिसावेत म्हणून सॅफ्रानिन हा गुलाबी रंग. हान्स ख्रिस्तियन ग्राम यांनी १८८४ मध्ये बर्लिनहून ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा सॅफ्रानिन तिच्यात नव्हतं. त्यांना फुप्फुसाच्या ऊतीत जिवाणू उठून दिसायला हवे होते. वर्गीकरणासाठी तिचा वापर पुढे झाला.

आता तुमची स्लाइड. सूक्ष्मदर्शकाच्या शंभरपट लेन्सखाली आकार बघा. जांभळे-गुलाबी दोन्ही सारखेच गोल, सारख्याच झुबक्यात असतील तर जिवाणू बहुधा एकच आहे: एकतर अल्कोहोल जास्त वेळ राहिलं, नाहीतर कल्चर जुनं होतं. म्हाताऱ्या पेशींची भिंत रंग धरत नाही, म्हणून १८ ते २४ तासांचंच कल्चर घ्या. जांभळे फक्त जाड थरात दिसत असतील तर स्मीअर (काचेवर पसरलेला जिवाणूंचा थर) पातळ करा. आकारच वेगळे असतील तर मात्र कल्चरमध्ये दुसरं काहीतरी शिरलंय, पुन्हा स्ट्रीक करा (माध्यमावर रेघा ओढून जिवाणू वेगळे वाढवा).

स्लाइड तिरकी धरून अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडा, ओघळ रंगहीन झाला की त्याच क्षणी पाणी. आणि त्याच स्लाइडच्या कडेला स्टॅफिलोकोकस ऑरियस (जांभळा यायला हवा) आणि ई. कोलाय (गुलाबी यायला हवा) यांचे ठिपके ठेवाच. ते चुकीच्या रंगाचे आले तर मधल्या स्मीअरवर विश्वास ठेवू नका.

रंगावरून नाव मात्र लिहू नका. ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला तिन्ही गुलाबी दांडेच दिसतात. त्यांना वेगळं करायला बायोकेमिकल टेस्ट लागतात. क्षयाच्या जिवाणूवर तर ग्राम स्टेन नीट चढतच नाही, कारण भिंतीत मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असतो. त्यासाठी झील-नील्सन ही दुसरी रंगवण्याची पद्धत: कार्बोल फुक्सिन हा लाल रंग टाकून वाफ येईपर्यंत गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, मग आम्लाने धुवून मिथिलीन ब्लू. निळ्यावर लाल दांडे दिसले तर ते ॲसिड-फास्ट, म्हणजे आम्लाने धुऊनही रंग न सोडणारे.