घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस विकत घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की घरात एकच संगणक आहे, तो सगळेच वापरतात, बँकेचे व्यवहार त्यावरच होतात आणि जुने फोटोही त्यातच आहेत, तर कोणता अँटीव्हायरस विकत घ्यावा.

विंडोज असेल तर कोणताच घेऊ नका, असं माझं मत. विंडोजसोबत येणारा 'डिफेंडर' हा अँटीव्हायरस घरच्या वापराला पुरतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून तो चालू आहे ना, एवढं बघा. त्यावर आणखी एक-दोन बसवले तर संगणक रखडतो आणि त्यांच्या सूचना वाचून जीव जातो.

हे मी आत्मविश्वासाने सांगतोय, कारण मला फटका बसला तेव्हा अँटीव्हायरस व्यवस्थित चालू होता.

मला एका पीडीएफची पानं वेगळी करायची होती. शोधलं, सगळ्यात वरचा दुवा उघडला. तो जाहिरातीचा होता, तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. प्रोग्रॅम उतरवून चालवायला गेलो तर विंडोजने निळी चौकट दाखवून अडवलं. मी घाईत 'तरीही चालवा' दाबलं. पानं वेगळी झाली, मी खूश! दोन दिवसांनी माझ्या ईमेलवरून ओळखीच्यांना भलतेच दुवे जायला लागले. पासवर्ड लांबलचक होता, मोबाइलवर कोड येण्याची सोयही चालू होती, तरीही.

झालं होतं असं की आपण एकदा लॉग-इन केल्यावर ब्राउझर एक कुकी, म्हणजे 'हा आत आलेला आहे' अशी खूण, जपून ठेवतो, म्हणून दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही. त्या प्रोग्रॅमने ती कुकीच उचलली. ती हातात असली की चोराला पासवर्ड लागत नाही आणि कोडही लागत नाही. अशा प्रोग्रॅमना इन्फोस्टीलर म्हणतात. हे झाल्यावर त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलू नका, नवा पासवर्डही चोराकडे जायचा. दुसऱ्या उपकरणावरून बदला, खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा आणि संगणकावर विंडोज नव्याने टाका. मी आधी नुसता पासवर्ड बदलून बसलो होतो.

तेव्हा पहिला नियम: प्रोग्रॅम हवा असेल तर तो बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्यायचा, तिचा पत्ता नीट वाचून. फुकटात मिळणारा 'क्रॅक', म्हणजे विकतच्या प्रोग्रॅमचं कुलूप तोडून वाटलेली प्रत, तर अजिबात नको. क्रॅकसोबतच्या सूचनांमध्ये अँटीव्हायरस बंद करा असं हमखास लिहिलेलं असतं, त्यावरूनच काय ते ओळखा.

हल्ली आणखी एक युक्ती फार चालते. 'मी रोबोट नाही' अशी चौकट येते आणि खाली लिहिलेलं असतं: विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्या पानाने एक आज्ञा आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते, ती तुम्ही आपल्या हाताने चालवता. खरी पडताळणी असं काही करायला कधीच सांगत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे एकदा तोंडी सांगा. पूर्ण पडदा व्यापून, भोंगा वाजवून 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' म्हणणारं पानही तसलंच. ते नुसतं वेबपान असतं; आल्ट-एफ४ दाबा, नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो.

अपडेटचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, मलाही आहे. पण १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याने वापरलेलं भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते सापडले. तुमच्याकडे अजून विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. संगणक झेपत असेल तर ११ वर जा. नसेल झेपत, तर निदान बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

सगळे वापरतात म्हणताय, तर प्रत्येकाचं खातं वेगळं करा आणि रोजच्या वापराची खाती साधी ठेवा. ॲडमिनचं, म्हणजे संगणकात सगळे बदल करू शकणारं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. मुलांनी खेळ म्हणून काहीतरी उतरवून पूर्ण संगणकावर बसवायला घेतलं, तर संगणक आधी तो पासवर्ड मागतो, आणि ते तुम्हाला हाक मारतात. सगळेच प्रोग्रॅम मात्र तो मागत नाहीत. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, दिसेल अशी सेटिंगही करून टाका. २००० सालच्या 'आय लव्ह यू' व्हायरसची फाइल प्रेमपत्राच्या नावाची होती. ती चालणारी आज्ञावली आहे हे सांगणारं शेवटचं 'डॉट व्हीबीएस' लपलेलं असल्यामुळे ती साधा मजकूर वाटायची. विंडोज हे शेपूट आजही आपणहून दाखवत नाही.

पासवर्डबद्दल एवढंच, की ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका, कारण बाकीची बहुतेक खाती 'पासवर्ड विसरलात?' म्हणत ईमेलवरच येतात. उरलेले पासवर्ड 'पासवर्ड मॅनेजर'मध्ये, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवा. राउटरचा मूळचा पासवर्ड आजच बदला.

आता फोटो. खंडणीवाला व्हायरस फाइलींना कुलूप घालतो तेव्हा जोडून ठेवलेली बाहेरची हार्डडिस्कही सोडत नाही. म्हणून कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. क्लाउडवर आपोआप जाणाऱ्या फोल्डरच्या भरवशावर राहू नका, कारण कुलूप लागलेली फाइलही तितक्याच आपोआप वर जाते. जुन्या आवृत्त्या परत मिळण्याची सोय तिथे आहे का, किती दिवस, हे आधी बघून ठेवा. आणि अधूनमधून त्या डिस्कमधले चार-दोन फोटो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. माझ्या पहिल्या बॅकअपमध्ये मी फोटोंच्या फोल्डरऐवजी डेस्कटॉपवरचे त्यांचे शॉर्टकट कॉपी केले होते, आणि वर्षभर निर्धास्त होतो.