४२९४९६७२९७ ही संख्या मूळ नाही, हे हाताने कसं दाखवायचं?

तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो: ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७. पण हा ६४१ शोधायचा कसा, तेच यात सगळ्यांत सुंदर आहे.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६ घेतले की अनुक्रमे ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात आणि पाचही मूळ आहेत. पुढच्याही मूळच असणार, असं गणितज्ञ फर्माला १६४० मध्ये वाटलं होतं. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने नेमकी ही पुढची संख्या अवयवांत फोडली.

समजा प ही एखादी मूळ संख्या ४२९४९६७२९७ ला पूर्ण भागते. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी उणे १ (म्हणजे प पेक्षा १ ने कमी) आणि ६४ व्या घाताला १ येते, म्हणून प मधून १ वजा केल्यावर ६४ ने भाग गेलाच पाहिजे. गणितज्ञ ल्युकाने नंतर ६४ च्या जागी १२८ चालतात हे दाखवलं. म्हणजे तपासायच्या संख्या १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ अशा. १२९ आणि ५१३ ला ३ ने, ३८५ ला ५ ने भाग जातो, त्या गेल्या. २५७ साठीही भागाकार नको: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, आपल्या संख्येहून बरोबर २ ने कमी, म्हणून बाकी २. उरला ६४१!

आता प्रत्यक्ष न भागता सिद्धता. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × (२ चा ७ वा घात) ची बाकी उणे १. दोन्हींचा चौथा घात घ्या: ६२५ × (२ चा २८ वा घात) ची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ ठेवता येतात. १६ म्हणजे २ चा चौथा घात, तेव्हा २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १. झालं.

६७००४१७ मूळ आहे हेही असंच कळतं, कारण तिला भागणारी मूळ संख्या ४२९४९६७२९७ लाही भागते आणि तोच १२८ चा नियम तिला लागू होतो. तिचं वर्गमूळ २५८९ पेक्षा लहान. तिथपर्यंत १२८ च्या पटीहून १ ने मोठ्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ आधीच बाद, बाकीच्यांनी भागल्यावर ४४, १२०, ३३४, ६२२ उरतात.

संगणकावर करणार असाल तर ३२ बिटांचा पूर्णांक वापरू नका, त्यात ही संख्या मावत नाही आणि नुसता १ उरतो. पाया २ घेऊन फर्माची मूळत्व चाचणीही (२ चा, संख्येहून १ ने कमी इतका घात घेऊन त्याला त्या संख्येने भागल्यावर बाकी १ येते का हे पाहणं) लावू नका, ही संख्या त्यात मूळ असल्यासारखी पास होते. पाया ३ घेतलात तर पकडली जाते.

शिवाय ती दोन वर्गांची बेरीज दोन प्रकारे होते: ६५५३६ आणि १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ आणि २०४४९ यांचे. मूळ संख्येला असे दोन प्रकार कधीच नसतात, म्हणजे हीसुद्धा एक स्वतंत्र सिद्धताच. त्यातला २०४४९ हा पुन्हा १४३ चा वर्ग आहे.