मी अकरावीत शिकते, गाव माण तालुक्यात. घरच्यांना घोडी घ्यायला कसं तयार करू?

आमचं गाव शेजारच्याच खटाव तालुक्यातलं. मीही अकरावीतच होते. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला माऊलींच्या पालखीचं उभं रिंगण बघितलं आणि घरी आल्या आल्या सांगून टाकलं, मला घोडी पाहिजे. बाबा काहीच बोलले नाहीत. काका म्हणाले, पोरीच्या जातीला घोडं कशाला?

मी वाद घातला नाही. गावातल्या वरातीच्या घोड्याचा चार महिने रोज पहाटे खरारा केला, लीद काढली. बाबांना ते दिसत होतं. दिवाळीत ते स्वतःच अकलूजच्या घोडेबाजाराला घेऊन गेले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात घरात लग्न होतं. उरलेल्या चपात्या आणि बुंदी काकांनी पाटी भरून घोडीपुढं ओतली, म्हशीला घालावी तशी. रात्री ती पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली, वळून वळून कुशीकडं बघायची, मधेच लोळायची. मी कुशीला कान लावला. एरवी गुडगुडणारं पोट अगदी गप्प. घोड्याला उलटी होत नाही, गेलं ते आतच राहतं. जवळचे डॉक्टर म्हणाले, मी गाईम्हशींचंच बघतो. साताऱ्याहून दुसरे येईपर्यंत एक वाजला. त्यांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली. मी मोहरकी धरून तिला अंगणात फिरवत राहिले. पहाटे पाचला तिनं लीद टाकली आणि मी तिथंच बसून रडले.

काका आजही भावकीत सांगतात, पोरीनं घोडी पळवून पळवून दमवली म्हणून पोट धरलं. साफ खोटं. लग्नघर होतं, चार दिवस खोगीर खुंटीवरून काढलंसुद्धा नव्हतं. पोट धरलं ते चपात्यांनी.

म्हणून आधी घोड्याचं बघणारा डॉक्टर शोध, नालबंद शोध. खूर दीड-दोन महिन्यांनी तासावेच लागतात. आणि तिच्यापुढं कोणी काय टाकायचं ते थोरल्या माणसांसकट सगळ्यांसमोर ठरवून घे. वय, मान काही बघू नकोस.

हां, उन्हाळ्यात तुमच्याकडं टँकर येत असेल तर थांब. घोडीला दिवसाला 30-40 लिटर पाणी लागतं. शिवाय ती 25 वर्षं जगते, तू बारावीनंतर बाहेर शिकायला जाशील. मी पुण्याला गेले तेव्हा माझी घोडी बाबांनी सांभाळली. काकांनी एक दिवस बादली उचलली नाही.