'मोगी' म्हणजे डास की घसा?

प्रश्न : ठाणे-वाशी लोकलमध्ये कोरियन संवाद ऐकत असतो. घशाला 'मोक' म्हणतात असं शिकलो, पण ऐकू येतं 'मोगी'. शब्दकोशात पाहिलं तर मोगी म्हणजे डास! (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे. शाळेतली संधी आठवा: वाक् + ईश = वागीश. 'मोक'ला कर्त्याचा 'ई' प्रत्यय लागला की तसंच मोगी होतं. डासाचा उच्चारही हुबेहूब तोच. पण डास स्वरान्त असल्यानं त्याला 'ई' नव्हे, 'गा' लागतो: मोगीगा. बोलण्यात प्रत्यय गाळला असेल तर क्रियापद पाहा. 'मोगी आफायो' म्हणजे घसा दुखतोय. दुखणारा डास कोणी पाहिलाय? (यातला फ फळातला, फॅनमधला नव्हे.)

पुढे 'मान' म्हणजे 'फक्त' आला तर होतं मोङ्मान. वाक् + मय = वाङ्मय, तीच तऱ्हा. शब्द एकटा आला तर मात्र क फुटू द्यायचा नाही. 'मक्का' म्हणायला घ्या आणि पहिल्या क् वर जीभ टाळूला लावून तिथंच थांबा. 'नाक', 'एक' म्हणताना आपण शेवटी हवा सोडतो, तशी इथं सोडली की कोरियन कानाला जादा अक्षर ऐकू येतं. हे सगळं देवनागरीत लिहून पाठ करू नका, हांगुल लिपी शिका. तिथं उच्चार बदलला तरी 'मोक'चं लेखन बदलत नाही.

प्रश्न : आमच्या हॉटेलात कोरियन पाहुणे उतरतात. 'मोगी आफायो' म्हणाले तर मान समजायची की घसा? (मानपाडा, ठाणे)

उत्तर : दोन्हींना शब्द एकच. मानेच्या मागे दुखत असेल तर बहुधा 'त्विन्मोक' म्हणतील. 'मोगी बुऑस्सॉयो' म्हणजे घसा सुजलाय, 'मोक्कामगी' म्हणजे घसा धरणारी सर्दी. खात्री करायची तर विचारा, 'छिम साम्खिल त्ते आफायो?', म्हणजे थुंकी गिळताना दुखतं का? हो म्हणाले तर घसाच. 'मोगी श्विऑस्सॉयो' म्हणजे घसा बसलाय; क्रियापद भूतकाळी असलं तरी अवस्था आत्ताचीच, आपल्या 'बसलाय'सारखी.

प्रश्न : तहान लागली म्हणताना 'मोगी मारायो' चालेल? (नेरुळ)

उत्तर : नाही. 'माल्लायो' म्हणा. मूळ क्रियापद 'मारुदा', म्हणजे वाळणे. ते चालवताना उ गळतो आणि ल दुप्पट होतो. अर्थ 'वाळणे' असल्यानं कोरियनमध्ये तहान 'लागत' नाही, घसा वाळतो. 'मोगी मेदा' मात्र थेट आपलं कंठ दाटून येणं. उकडलेलं रताळं पाण्याशिवाय खाऊन घास अडकला तरी हेच म्हणतात. आणि कुणाची फारच आतुरतेनं वाट पाहिली तर 'मोगी प्पाजिगे', मान निखळेपर्यंत.