ऐरोलीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात सर्व्हरवर लक्ष ठेवायला एकच माणूस आहे. सायबर हल्ल्यांपासून वाचायला गेम थिअरीचा खरंच उपयोग होतो का?

होतो. गेम थिअरी म्हणजे समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवण्याचं गणित; पण त्यातले आकडे हल्लेखोराच्या डोक्याने मांडावे लागतात.

समजा, बिलिंग सर्व्हर फुटला तर नुकसान ८ लाख, वेबसाइट पडली तर २. रात्रीत एकाच यंत्राचे लॉग (त्यावर काय-काय घडलं याच्या नोंदी) नीट वाचून होतात आणि वाचले तिथला हल्ला पकडला जातो. रोज बिलिंगवरच बसलात तर समोरचा निवांत वेबसाइट पाडणार, म्हणजे २ गेले. दहापैकी आठ रात्री बिलिंग आणि दोन रात्री वेबसाइट केलंत, तर बिलिंगवर सरासरी ८ × ०.२ = १.६ आणि वेबसाइटवर २ × ०.८ = १.६. तो कुठेही वळला तरी तेवढंच. निम्म्या-निम्म्या रात्री वाटल्यात तर थेट ४.

त्या दोन रात्री ठरलेल्या मात्र नकोत. ‘वेबसाइट मंगळवारी’ असा तक्ता भिंतीवर लागला की मंगळवारी बिलिंग उघडं. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरकडून १ ते १० मधला आकडा काढून घ्या. ९ किंवा १० आला तर वेबसाइट. मनाने निवडू नका. लागोपाठ दोनदा वेबसाइट आली की माणूस तिसऱ्यांदा ती टाळतोच, आणि हेही हेरता येतं. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे यांच्या गटाने २००७ साली लॉस एंजेलिस विमानतळाच्या तपासणी नाक्यांसाठी याच जातीचं गणित वापरलं.

फसगत होते ती आकडे लावताना. टेस्ट सर्व्हरचं (नवे बदल आधी करून बघायच्या यंत्राचं) नुकसान १ धरलं, तर तो १.६ च्या खाली; त्याकडे बघायचीही गरज नाही असं उत्तर येतं. पण त्यावरच्या एखाद्या फाइलमध्ये बिलिंगचा पासवर्ड पडलेला असेल (असतोच बहुतेक वेळा!), तर त्याचीही किंमत ८. मग सगळ्या रात्री या दोघांतच निम्म्या-निम्म्या जातात, वेबसाइटला एकही उरत नाही आणि सरासरी नुकसान ४ वर. दुसरा माणूस नेमायच्या आधी ती फाइल उडवा.

हल्ला दहशतीसाठी असेल तर तुमचं नुकसान आणि त्याचा फायदा यांचे रकाने वेगळे ठेवा. तुमच्या लेखी २ ची वेबसाइट त्याला प्रसिद्धीसाठी १२ ची वाटू शकते.

आणि नॉटपेट्या (NotPetya) या खंडणी मागणाऱ्या व्हायरससारख्या प्रकाराला हे लागूच पडत नाही, कारण तो निशाणा निवडत नाही, आपोआप पसरत जातो. जून २०१७ मध्ये त्याने न्हावा शेवातलं मेर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल अडकवलं. सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पॅच (सुरक्षेची दुरुस्ती) मारलेली यंत्रंही पडली, कारण तो चोरलेल्या पासवर्डांनीही पसरत होता. खंडणी भरूनही डेटा परत मिळण्यासारखा नव्हता. तिथे कामाला येतो तो नेटवर्कपासून तोडून ठेवलेला बॅकअप, तोही महिन्यातून एकदा दुसऱ्या यंत्रावर चढवून पाहिलेला.